फुल्यांचा हिशेब आणि चार बोटांची माया

मावळ तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरी सात-बाराचा उतारा उघडून पाहिला, तर लागवडीखालच्या क्षेत्राच्या आकड्यांबरोबर ‘पोटखराबा’ नावाची एक नोंद बहुधा आढळते. खडक, ओढा, वहिवाटीची पायवाट अशी जी जागा पिकाच्या दृष्टीने निरुपयोगी, परंतु खातेदाराच्याच हद्दीत असते, ती या नोंदीत येते. भात तिच्यात होत नाही, पण ती वगळून शेताची मोजणी पुरी होत नाही, आणि जमीन घेणारा जाणता माणूस एकूण क्षेत्राचा आकडा ऐकून न थांबता त्यात पोटखराबा किती, हे आधी विचारून घेतो. फुलीच्या टाक्याने भरावयाच्या चित्राला कापड किती लागेल, या प्रश्नाचा विचार करताना मला हा महसुली शब्द वारंवार आठवत आला आहे, कारण त्या कापडातही भरले जाणारे क्षेत्र एक असते, आणि ज्यावर सुई कधीच चालणार नाही, तरी ज्याच्यावाचून चित्र चौकटीत बसू शकत नाही, असे क्षेत्र दुसरे असते. शिंप्यांच्या आणि घरी शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या बोलीत या दुसऱ्या क्षेत्राला महसूल खात्याच्या शब्दाहून कितीतरी हृद्य असा शब्द आहे. ते त्याला ‘माया’ म्हणतात. परकराला, पोलक्याला, उशीच्या अभ्र्याला शिवणीच्या आत जे कापड जास्तीचे ठेवायचे, ती त्या वस्त्राची माया. आणि या प्रकरणात कापडाचा जो हिशेब मी मांडणार आहे, त्यातले भागाकार कितीही सोपे असले, तरी या मायेचा विचार झाल्याशिवाय तो हिशेब पुरा होत नाही.

फुलीचा टाका, ज्याला आता घरोघरी ‘क्रॉस स्टिच’ या नावानेच ओळखतात, हा भरतकामातल्या अगदी साध्या टाक्यांपैकी एक आहे. कापडाच्या एका लहान चौकोनाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून सुई वर काढावी, वरच्या उजव्या कोपऱ्यात घालावी, आणि उरलेले दोन कोपरे तशाच दुसऱ्या तिरप्या टाक्याने जोडावेत, की एक फुली झाली. या चौकोनाला बायका ‘घर’ म्हणतात. नमुना चौकटीच्या कागदावर काढलेला असतो. कागदावरचे एक घर म्हणजे कापडावरचे एक घर, आणि कापडावरचे एक घर म्हणजे एक फुली, इतके हे गणित सरळ आहे. परंतु याच सरळपणात एक गोष्ट दडलेली आहे, जी ध्यानात न आल्यामुळे पुष्कळांचे कापड वाया गेलेले मी पाहिले आहे. गुलाबाची फांदी कापडावर आधी छापून घेऊन मग ती साखळीच्या टाक्याने भरणारी स्त्री आपल्या चित्राचा आकार प्रारंभीच निश्चित करते, आणि त्या आकाराला पुरेल एवढे कापड घेते. फुलीच्या टाक्यात मात्र नमुन्यापाशी स्वतःची लांबी-रुंदी नसतेच, त्याच्यापाशी केवळ घरांची संख्या असते, आणि त्या संख्येला लांबी-रुंदी देण्याचे काम कापड करते. एकच नमुना एका कापडावर तळहाताएवढा होतो आणि दुसऱ्या कापडावर सुपाएवढा. म्हणून ‘हे चित्र किती मोठे होईल’ हा प्रश्न कापड हातात येईपर्यंत निरर्थक असतो. विचारायचे ते हे, की या कापडाच्या एका इंचात घरे किती.

आपल्याकडे या कामासाठी पूर्वापार वापरात असलेले कापड म्हणजे मॅटी. तिच्या विणीत ताण्याचे आणि बाण्याचे धागे एकेकटे न घेता दोन-दोन किंवा अधिक असे जोडीने घेतलेले असतात, त्यामुळे चटईसारखी वीण पडून चौकोन उघड दिसतात आणि त्यांच्या कोपऱ्यांत सुई जाण्यापुरती छिद्रे आपोआप राहतात. परदेशी पद्धतीचे ‘आयडा’ नावाचे कापड याच जातीचे, पण त्याची घरे कारखान्यात काटेकोर राखलेली असतात, आणि ते इंचाला ११, १४, १६ किंवा १८ घरे अशा ठरलेल्या मापांत मिळते. तागाचे किंवा साध्या सम विणीचे कापड घेतले, तर त्यात घरे नसतात, नुसते धागे असतात, आणि तिथे एक फुली दोन धाग्यांवर घालतात. त्यामुळे ज्या कापडात इंचाला २८ धागे आहेत, त्यावर इंचाला फुल्या १४ च बसतात. धागे आणि घरे यांची ही गल्लत झाली, की मनातले चित्र प्रत्यक्षात दुप्पट लांब आणि दुप्पट रुंद होते, म्हणजेच चौपट कापड मागते.

चौकटीच्या कागदावरचा रंगीत नमुना ही गोष्ट तशी फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिन शहरात असे नमुने छापून, हाताने रंगवून विकले जाऊ लागले, आणि त्या कागदांनी पाहता पाहता युरोपातल्या मध्यमवर्गीय घरांत प्रवेश मिळवला. तिथून मिशनऱ्यांच्या कन्याशाळांच्या वाटेने ही पद्धत हिंदुस्थानात आली. १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदनाचे काम सुरू केले, तेव्हा स्त्रियांच्या शिक्षणात शिवणकामाला स्थान मिळाले, आणि पुढे मुलींच्या शाळांतून भरतकामाचा तास रूढ झाल्यावर मॅटीवरच्या फुल्या मराठी घरांत इतक्या रुळल्या, की लग्नाच्या रुखवतात फुलीच्या टाक्याचे एखादे तोरण किंवा चौकटीतले चित्र नसले, तर पाहणाऱ्यांना चुकल्याचुकल्यासारखे वाटे.

अशाच एका रुखवतासाठी मी प्रथम हा हिशेब चुकले. थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी राधाकृष्णाचे एक चित्र भरायला घेतले होते. नमुना १४० घरे रुंद आणि १९६ घरे उंच. नमुन्याच्या कागदाच्या कोपऱ्यात इंचाला १४ घरे असे छापलेले होते, तेव्हा मी १४० ला आणि १९६ ला १४ ने भागले, १० इंच आणि १४ इंच असे उत्तर आले, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच माया धरली, आणि १४ इंच रुंद व १८ इंच उंच असा तुकडा मोठ्या समाधानाने कापला. हातातल्या मॅटीची घरे मात्र मी मोजली नाहीत. ती दिसायला तशीच होती, रंगही तोच होता, आणि मोजण्याचे काही कारण आहे असे मला वाटले नाही. पहिल्या मोराचा पिसारा पुरा होईपर्यंत तीन आठवडे गेले, आणि तेव्हा आत्याने फूटपट्टी लावून पाहिले, तर एका इंचात ११ घरे होती. १९६ भागिले ११, म्हणजे १७.८ इंच. अठरा इंचांच्या तुकड्यात चित्राच्या वर आणि खाली मिळून एका सुतळीएवढेही कापड उरणार नव्हते. आत्या रागावली नाही. तिने त्याच मॅटीच्या चार पट्ट्या चारी बाजूंनी जोडून दिल्या, आणि ते चित्र काचेखाली गेले. पण पट्ट्यांच्या जोडाची रेषा त्या काचेखाली आजही दिसते, आणि बहिणीच्या घरी गेले, की माझी नजर राधेकडे जाण्याआधी त्या रेषेकडे जाते.

त्या चुकीने जो क्रम मला शिकवला, तो असा. प्रथम नमुन्याची आडवी आणि उभी घरे मोजावीत, आणि ती मोजताना भरलेल्या फुल्या किती हे न पाहता, सर्वांत डावीकडच्या फुलीपासून सर्वांत उजवीकडच्या फुलीपर्यंत, आणि सर्वांत वरच्या फुलीपासून सर्वांत खालच्या फुलीपर्यंत, मधली रिकामी घरेही धरून मोजणी करावी. कारण दोरा किती लागेल ते भरलेल्या घरांवर ठरते, परंतु कापड ठरते ते टोकांवर. मग प्रत्यक्ष हातात असलेल्या कापडाची एका इंचातली घरे काढावीत. पहिल्या संख्येला दुसरीने भागले, की भरलेल्या चित्राचे माप इंचांत मिळते. त्या मापात माया मिळवावी, आणि ती दोनदा मिळवावी, कारण ती डावीकडेही लागते आणि उजवीकडेही, वरही आणि खालीही. तीन इंच माया सोडायची असे मनाशी ठरवून मापात सहाच्या ऐवजी तीनच इंच मिळवणे ही चूक इतकी सार्वत्रिक आहे, की हिशेब केल्यावर तो दुसऱ्या कोणाला वाचून दाखवावा असे मी सुचवीन.

हे सारे कोरडे वाटू नये म्हणून आपल्या तालुक्यातलेच एक उदाहरण घेऊ, आणि ते अगदी शेवटच्या इंचापर्यंत नेऊ. मळवलीच्या उत्तरेला, एकवीरेच्या देवळाला लागूनच कार्ल्याचे महाचैत्य आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने ते पूर्णत्वास नेल्याचा लेख तिथे कोरलेला आहे. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा शीर्षयुक्त स्तंभ, स्तूपाच्या मागे सात साधे स्तंभ, आणि वर छताला त्या काळच्या लाकडाच्या कमानदार फासळ्या अद्याप टिकून आहेत. या चैत्याची लांबी १२४ फूट ३ इंच, रुंदी ४५ फूट ६ इंच आणि उंची ४६ फूट मानली जाते. दारातून आत पाहणाऱ्याला जे दिसते, ते समोरचे दृश्य, म्हणजे दोन्हीकडचे स्तंभ, मध्ये स्तूप, आणि वर अर्धवर्तुळाकार छत, हे फुलीच्या टाक्याने भरायचे असे आपण ठरवू. गुंफेतले तीन इंच म्हणजे कागदावरचे एक घर असे प्रमाण घेतले, तर रुंदीला १८२ घरे येतात आणि उंचीला १८४. दृश्य जवळजवळ चौरस आहे, हे त्या शिल्पकारांच्या प्रमाणबुद्धीचे द्योतक म्हणून जाता जाता लक्षात ठेवण्यासारखे आहे. छत गोलाकार असल्यामुळे वरच्या दोन कोपऱ्यांतली घरे रिकामी राहतील, पण वर सांगितल्याप्रमाणे कापडाच्या हिशेबात त्या रिकामेपणाने काही सूट मिळत नाही.

आता इंचाला १४ घरांचे कापड घेतले, तर १८२ भागिले १४, म्हणजे नेमके १३ इंच रुंदी, आणि १८४ भागिले १४, म्हणजे १३ इंच आणि वर एक सप्तमांश, अशी उंची. प्रत्येक बाजूस तीन इंच माया सोडली, की तुकडा १९ इंच बाय सव्वाएकोणीस इंच असा कापावा लागेल. हिशेबातला अपूर्णांक नेहमी वरच्या बाजूस न्यावा, खालच्या बाजूस कधीही नेऊ नये. तेच दृश्य ११ घरांच्या मॅटीवर भरले, तर चित्र साडेसोळा इंचांहून किंचित अधिक रुंद आणि पावणेसतरा इंच उंच होते, आणि तुकडा २३ इंच चौरस लागतो. १८ घरांच्या बारीक कापडावर ते दहा-सव्वादहा इंचांत मावते, आणि साडेसोळा इंचांचा चौरस पुरतो. चित्राचे क्षेत्र तिन्ही कापडांवर सारखेच ३३,४८८ घरांचे आहे, पण जाड मॅटीवर ते बारीक कापडाच्या अडीच पटींहून अधिक जागा व्यापते. घरांची ही निवड केवळ कापडाच्या खर्चाची बाब नव्हे. चौकोनी घरांच्या कापडावर तिरपी रेषा पायरी-पायरीनेच चढते, आणि घरे मोठी असली, की पायऱ्याही मोठ्या दिसतात. म्हणून भाजे आणि बेडसे येथल्या लेण्यांच्या दर्शनी भागांवर जी वेदिकेची नक्षी आहे, आडव्या-उभ्या पट्ट्यांची, ती जाड मॅटीवर उत्तम उतरते, परंतु खंडाळ्याच्या नागफणीचा उतार किंवा चैत्याच्या कमानीची नालासारखी वक्ररेषा भरायची असेल, तर बारीक कापडावाचून गत्यंतर नाही.

या आकड्यांत एक गोष्ट मला प्रथम पाहिली तेव्हा आश्चर्याची वाटली. चौदा घरांच्या कापडाचा जो तुकडा आपण कापला, त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३६६ चौरस इंच, आणि त्यात भरलेले चित्र सुमारे १७१ चौरस इंच. म्हणजे निम्म्याहून अधिक कापड मायेत गेले. बारीक कापडावर तर ही माया सुमारे साठ टक्क्यांपर्यंत जाते, कारण चित्र लहान झाले तरी चौकटीला लागणारी तीन इंचांची कड लहान होत नाही. ज्या स्त्रीने कधीही हा हिशेब मांडलेला नाही, ती दुकानात एवढे कापड मागताना संकोचते, आपण उधळपट्टी करीत आहोत असे तिला वाटते, आणि शेवटच्या क्षणी ती दोन इंच कमी सांगते. माझ्या पाहण्यात जी चित्रे अपुऱ्या कापडामुळे अडली, त्यांतली बहुतेक या संकोचाने अडली, अज्ञानाने नव्हे.

तीन इंचच का, असे कोणी विचारील. आपल्या प्राचीन मापनात एक हात म्हणजे २४ अंगुळे. हात अठरा इंचांचा धरला, तर चार अंगुळे म्हणजे बरोबर तीन इंच होतात. आत्याला इंच पट्टीवर वाचता येत होते, तरी ती कापडाच्या कडेवर हाताची चार बोटे आडवी ठेवूनच माया मोजत असे, आणि भरतकामाच्या पुस्तकांत छापलेले माप तिच्या बोटांशी जुळते, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले. ही चार बोटे निरनिराळ्या कामांना लागतात. भरताना कापड रिंगमध्ये ताणावे लागते, आणि चित्राच्या कडेच्या फुल्या भरताना रिंगला धरायला बाहेर कापड नसेल, तर तिथले टाके सैल पडतात. महिनोन्‌महिने हाताळलेल्या कापडाच्या कडांतून धागे निसटून दशा होतात, आणि कडा दुमडून कच्चा टाका घातला तरी अर्धा-पाऊण इंच त्यात जातोच. शेवटी चित्र पुठ्ठ्यावर ताणून त्याच्या मागे दोऱ्याने आवळायचे असते, तेव्हा दोन इंच पाठीमागे वळतात. आणि चित्र व चौकट यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा नजरेला हवी असते, तीही याच मायेतून येते. वस्तू बदलली, की माया बदलते. शुभेच्छापत्रावर चिकटवायच्या लहानशा फुलाला दीड इंच पुष्कळ झाले. उशीच्या अभ्र्याला चित्राभोवतीची मोकळी जागा उशीच्या मापाने ठरते, आणि त्यापलीकडे शिवणीची माया अर्धा ते पाऊण इंच पुरते. टेबलावरच्या कापडाला मात्र दुमड जितकी रुंद, त्याच्या दुप्पट, आणि आत वळवायची कड वेगळी, असे धरावे लागते.

कार्ल्याचेच दुसरे दृश्य घेतले, तर पन्ह्याचा आणि मीटरचा प्रश्न पुढे येतो. समजा, कोणाला चैत्य आडवे कापल्यासारखे, दारापासून स्तूपामागच्या भिंतीपर्यंतच्या पूर्ण लांबीत भरायचे आहे. तीन इंचांना एक घर या त्याच प्रमाणाने लांबीला ४९७ घरे होतात, आणि चौदा घरांच्या कापडावर ती साडेपस्तीस इंच येतात. माया मिळवून साडेएकेचाळीस. उंची पूर्वीचीच, सव्वाएकोणीस. आता दुकानात तागा उलगडल्यावर त्याचा पन्हा ४० इंचांचा निघाला, तर हे चित्र आडवे मावणार नाही, ते ताण्याच्या दिशेने घ्यावे लागेल. आणि तिथे सवयीने ‘एक मीटर द्या’ असे सांगितले, तर मीटरचे इंच होतात ३९.३७, म्हणजे कापड दोन इंचांहून अधिक कमी पडते. १९५६ च्या कायद्याने वार आणि गज यांची जागा मीटरने घेतली, तो कायदा योग्यच होता, परंतु भरतकामाच्या कापडाची घरे जग अजून इंचावरच मोजते, आणि दुकानदार कापतो मीटरने. या दोन मापांच्या सरहद्दीवर जेवढे कापड वाया जाते, तेवढे दुसऱ्या कोणत्याही कारणाने जात नसावे. म्हणून इंचांत आलेले उत्तर २.५४ ने गुणून सेंटिमीटर करावे आणि तेच कागदावर लिहून न्यावे. साडेएकेचाळीस इंचांचे १०५.४ सेंटिमीटर होतात, ११० घ्यावेत. लोणावळ्याहून किंवा तळेगावाहून पुण्याच्या रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जाऊन कापड आणणे, म्हणजे लोकलने जाण्यायेण्यात दिवस मोडणे, आणि दुसऱ्या खेपेला गेल्यावर त्याच ताग्यातले, त्याच रंगाचे आणि त्याच घरांचे कापड शिल्लक असेलच असे नाही.

घरे मोजण्याच्या रीतीविषयी दोन शब्द अधिक लिहिणे आवश्यक आहे. एका इंचात मोजू नये. चार इंचांत मोजून चाराने भागावे, कारण एका इंचात अर्ध्या घराची चूक डोळ्यांना दिसत नाही, पण दोनशे घरांच्या चित्रात ती पाऊण इंचापर्यंत वाढते. शिवाय ताण्याच्या दिशेने एकदा आणि बाण्याच्या दिशेने एकदा, अशी दोनदा मोजणी करावी. मॅटी हातमागाची असो वा गिरणीची, उभी आणि आडवी घरे तंतोतंत सारखी असतातच असे नाही. चार इंचांत एकीकडे ४४ घरे भरली आणि दुसरीकडे ४६, तर ११० घरांचे वर्तुळ एका बाजूने १० इंच होते आणि दुसऱ्या बाजूने साडेनऊ इंचांच्या जवळपास. भौमितिक नक्षीत हा फरक खपून जातो, देवाच्या मुखावर खपत नाही. आणि अशा कापडावर मूर्तीचे चित्र भरायचेच असेल, तर चेहरा रुंद होण्यापेक्षा किंचित उभट झालेला बरा, हे ध्यानात घेऊन कापड कोणत्या दिशेने धरायचे ते ठरवावे.

तोरणाचा हिशेब याच्या उलट दिशेने चालतो, कारण तिथे माप आधी ठरलेले असते, ते दरवाजा देतो, आणि घरे आपल्याला शोधायची असतात. तीन फुटांचा दरवाजा, म्हणजे ३६ इंच. मॅटी अकरा घरांची. तेव्हा उपलब्ध घरे ३९६. कोयरीचा जो नमुना पुन्हा पुन्हा यायचा आहे, तो मधल्या जागेसकट ३२ घरांचा असेल, तर ३९६ ला ३२ ने भागून १२ कोयऱ्या बसतात आणि १२ घरे उरतात. ती सहा-सहा करून दोन्ही टोकांना वाटून द्यावीत. भागाकारात बाकी मोठी राहिली, वीस-पंचवीस घरांची, तर कोयऱ्यांमधली जागा एकेका घराने वाढवून ती मुरवता येते. हे सारे कागदावर आधी करावे लागते, कारण डावीकडून भरत भरत उजव्या टोकाला पोहोचल्यावर शेवटची कोयरी अर्धीच राहते, हे दृश्य आपल्या घरांच्या दारांवर फार वेळा दिसते. लांबीला माया मिळवून कापड ४२ इंचांचे घ्यावे. उंचीत वरच्या बाजूस दांडी ओवण्यासाठी नळी शिवायची असेल, तर तिच्यासाठी आणखी दोन-अडीच इंच.

कागद, पट्टी आणि भागाकार यांच्यावाचून हे सारे करणाऱ्या स्त्रियाही आहेत, आणि त्यांचा उल्लेख केल्याशिवाय हे प्रकरण पुढे नेणे मला प्रशस्त वाटत नाही. बेळगाव-धारवाडकडच्या कशिद्यात, ज्याला तिकडे कसूती म्हणतात, इरकली लुगड्याचे धागे बोटाने मोजत नक्षी भरतात. कापडावर खूण काढत नाहीत, नमुना छापत नाहीत. त्यांचे चार टाके आहेत, गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी, आणि त्यांतला मेंथी हा मेथीच्या दाण्यावरून नाव पडलेला टाका म्हणजे आपली फुलीच. गवंती आणि मुर्गी कापडाच्या दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात. गोपूर, तुळशीवृंदावन, पालखी, हत्ती अशा आकृती पदरावर किती अंतराने बसतील, याचा हिशेब त्या बायका धाग्यांतच करतात, आणि पदराची रुंदी त्यांना धाग्यांच्या भाषेत ठाऊक असते. त्यांच्यापाशी कापडाचे माप आणि नक्षीचे माप अशी दोन मापे नाहीतच. आपल्याला जो भागाकार करावा लागतो, तो त्या दोन मापांच्या फारकतीमुळे करावा लागतो.

मावळात राहणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीची दखल घ्यावी, ती पावसाची. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, जेव्हा घराबाहेर पडणे कमी होते आणि भरतकामाला खरी सवड मिळते, तेव्हाच हवा सुती कापडाला सर्वांत प्रतिकूल असते. नव्या मॅटीत खळ असते. दमट हवेत तिच्यावर बुरशीचे ठिपके पडतात, आणि पांढऱ्या कापडावरचे ते ठिपके पुढे सहसा जात नाहीत. शिवाय धुतल्यावर सुती कापड आटते, आणि ताण्याच्या दिशेने ते बहुधा अधिक आटते, म्हणजे घरांची संख्या तीच राहून इंचाला भरणारी घरे वाढतात, आणि चौरस चित्र बुटके होते. यासाठी जे चित्र पुढे धुतले जाणार आहे, उशीवरचे, टेबलावरचे, दारावरचे, त्याचे कापड आधी भिजवून, सावलीत वाळवून, उलट बाजूने इस्त्री करून घ्यावे, आणि घरांची मोजणी त्यानंतर करावी. विकत घेताना या आटण्यासाठी मीटरमागे पाच-सहा सेंटिमीटर अधिक घ्यावेत. काचेखाली जाणाऱ्या चित्राला हे बंधन नाही, आणि त्याच्या कापडातली खळ भरताना उलट उपयोगी पडते, पण ते पावसाळ्यात गादीखाली किंवा पेटीच्या तळाशी ठेवू नये.

एवढे झाल्यावर कात्री हातात घ्यायची. कापड टेबलावर पसरून, ठरलेल्या मापावर खूण करून, त्या खुणेतला एक धागा सुईच्या टोकाने उचलावा आणि हळूहळू ओढून काढावा. धागा निघाला, की कापडावर एक बारीक रिकामी वाट पडते, आणि त्या वाटेने कात्री चालवली, तर तुकडा घरांच्या रेषेत कापला जातो. पट्टीने रेघ ओढून कापलेला तुकडा दिसायला सरळ असतो, पण त्याची कड घरांना तिरपी जाते, आणि एका टोकाला तीन इंच असलेली माया दुसऱ्या टोकाला अडीच होते. मग कडा दुमडून कच्चा टाका घालावा, तुकड्याची आडवी आणि उभी घडी घालून, जिथे दोन्ही घड्या एकमेकींना छेदतात, तिथे रंगीत दोऱ्याची एक खूण करावी, नमुन्यातही मधले घर शोधून तिथे पेन्सिलीने टिंब द्यावे, आणि कार्ल्याच्या चैत्याचे चित्र असेल, तर स्तूपाच्या त्या मधल्या घरापासून पहिली फुली घालावी.